माझ्या छातीतला प्रोग्राम

मंदाकिनी शिंत्रेंच्या छातीवर चकती चिकटवलेली होती आणि तिची वायर टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली होती. इंटरनेटची वायर मात्र त्यांनी उपटून खुंटीला टांगली होती. कंपनीचे गंधे दारातूनच ओरडले, "मॅडम, हे बेकायदा आहे! कृत्रिम हृदयाचा प्रोग्राम फक्त आमच्या सर्व्हरवर तपासायचा. घरी उघडायचा नाही."

"जन्मभर बँकांचे प्रोग्राम तपासले मी," मंदाकिनीबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "माझं काळीज मी दुसऱ्याच्या घरी तपासायला पाठवणार नाही."

"करारावर सही केलीय तुम्ही."

"हो, स्ट्रेचरवर. भूल द्यायच्या आधी."

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ लाल झाली. बाईंनी ती वाचली आणि गंध्यांना समजावून सांगितली. कारखान्यातल्या चाचणीसाठी ठेवलेला 'थांब' हा हुकूम कुणी काढलाच नव्हता. त्याला पासवर्डही नव्हता. रस्त्यावरून जाणारा कुणीही मोबाइलवरून हे हृदय बंद पाडू शकत होता.

"हे बाहेर गेलं तर कंपनी बुडेल," गंधे पुटपुटले.

"आणि आत राहिलं तर मी."

बाईंनी ती ओळ खोडून टाकली. मान वर केली तर गंध्यांचा हात स्वतःच्या छातीवर होता.

"तुम्हालाही कंपनीचंच बसवलंय?"

गंध्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग शर्टाची बटणं काढा."

"अहो, पण मी कंपनीचा माणूस..."

"छाती कुणाची आहे?"

गंध्यांनी मागे वळून दाराला आतून कडी घातली.