अठराव्या रस्त्यावरची दोरी

"मागं सरका! पाय भाड्यानं आणलेत का, इतकी घाई?"

मेनूदोचं, म्हणजे वजडीच्या रश्श्याचं, पातेलं घेऊन निघालेला म्हातारा ओक्ताव्यो निमूट फुटपाथवर चढला. दोन्या एल्विरापुढं, दोन्या म्हणजे बाईसाहेब, या मोहल्ल्यात कुणी तोंड उघडत नाही.

मॅरेथॉनच्या रविवारी अठरावा रस्ता ओलांडायला ही एकच जागा. एल्विरा भर रस्त्यात मधोमध उभी होती. अंगात सेवेकऱ्यांचं नारिंगी जाकीट, दोन्ही हातांत एकेक दोरी. एका दोरीचं दुसरं टोक घराकडच्या फुटपाथला, दुसरीचं पलीकडच्या. घराकडची दोरी ताणली की पळणारे सगळे पलीकडून जातात, अलीकडचा अर्धा रस्ता मोकळा होतो, आणि माणसं तिच्या पाठीमागं येऊन थांबतात. त्या जागेला बेट म्हणायचं. मग गर्दीत फट पडली की ही दोरी सोडायची, ती ताणायची, आणि बेटावरची माणसं पलीकडं निघून जातात. दोरी कधी फिरवायची, ते मधली ठरवणार. चर्चमधून पंधराजणं आली होती. मधे कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तिनं घराकडची दोरी ताणली. ओक्ताव्यो पातेलं सांभाळत बेटावर आला. त्याच्यामागून यादिरा आली, एल्विराची सून. खांद्यावर पोर झोपलेली, हातात चाकांची बॅग.

एल्विरानं बॅगेकडं एकदा पाहिलं आणि परत पुढं पाहू लागली.

"तुला तर 'पळ पप्पा'ची पाटी धरून बेकरीजवळ उभं राहायचं होतं. पाटीला चाकं कधी फुटली?"

"भाऊ न्यायला आलाय," यादिरा म्हणाली. "आज रस्ते बंद असतात हे त्याला कुठलं माहीत! गाडी पलीकडं अडकलीय."

"आणि एफ्रेन?"

यादिरानं फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता. एल्विराचा मुलगा.

"सहा मिनिटांत इथं येईल."

पळणाऱ्यांत फट पडली. चांगली बैलगाडी जाईल एवढी. एल्विराचे हात हलले नाहीत.

"दोन्या, फट होती की," ओक्ताव्यो म्हणाला. "मेनूदो गार होतोय. वर चरबी धरली तर माझी बहीण मलाच शिजवेल."

"तुझं मांस चिवट आहे, घाबरू नकोस."

म्हातारा हसला. बाकी कुणी हसलं नाही. बेटाच्या दोन्ही अंगांना दोऱ्या, पुढं माणसांचा लोंढा, मागं थांबलेल्या माणसांची दाटी. मुंगीला वाट नव्हती. यादिरानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बाही वर सरकली तसं मनगट दिसलं. चार बोटांचे निळे वळ, पाचवा आतल्या बाजूनं. तिनं बाही खाली ओढली नाही.

दुसरी फट आली आणि गेली.

"सासूबाई, दोन गेल्या."

"मला मोजता येतं."

"येतं ना. भिंत पातळ आहे आपली. मंगळवारी टीव्हीचा आवाज तुम्हीच वाढवलात."

एल्विराच्या मुठीत दोरी करकरली. "आम्ही नाही का दिवस काढले? त्याचा बाप काय संत होता? मी गेले का कुठं बॅगा घेऊन?"

"तुमच्या वेळी दोरी कुणाच्या हातात होती?"

ठिपका चौकापर्यंत आला होता. लांबून, टोप्यांच्या आणि डोक्यांच्या गर्दीत, एल्विराला एफ्रेनचा पिवळा शर्ट दिसला. तो शर्ट काल रात्री तिनंच इस्त्री केला होता.

तिसरी फट अगदी लहान होती. कुणी शहाण्यानं तेवढ्यात दोरी फिरवली नसती.

"चला!" एल्विरा ओरडली. एक दोरी सोडली, दुसरी ओढली. एक पळणारा अडखळला, तिला शिव्या देत घराकडच्या बाजूला वळला. "चला म्हटलं ना! ओक्ताव्यो, तिची बॅग ओढ. पातेलं मरू दे!"

यादिरा पळाली. चाकं डांबरावर खडखडली. पलीकडं गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. एल्विरानं मान वळवली नाही.

एफ्रेन घामानं निथळत आला. घराकडचा फुटपाथ शोधत, दोन्ही हात वर करून. बेकरीजवळ पाटी नव्हती. त्याचे पाय मंदावले.

"आई! यादिरा कुठंय?"

मागच्यांनी त्याला ढोसलं. तो दोरीशी येऊन थबकला. तिच्यापासून हातभर. त्याच्या बापासारखंच कपाळ, तशीच आठी.

"थांबू नका!" एल्विरा ओरडली. सकाळपासून हजारोंना ओरडली होती तशीच. "उजवीकडून चला. उजवीकडून! थांबायचं नाही!"

तो बघत राहिला. मग लोंढ्यानं त्याला उचलून पुढं नेलं.

एक वाजता सेवेकऱ्यांची प्रमुख ब्रिजेट आली. कॉलेजातली, गळ्यात शिट्टी. तिनं एल्विराची बोटं एकेक करून सोडवली आणि दोऱ्या स्वतःच्या हातात घेतल्या. तळव्यांवर दोन लाल रेघा उमटल्या होत्या.

"झाली तुमची पाळी, दोन्या. आता घरी जा. कुठली बाजू मोकळी करू?"

दोन्ही अंगांनी माणसं पळत होती. एल्विरा बेटावर उभी होती.

"दोन्या? कुठली बाजू?"