गार्डच्या डब्यातला सूर

मालगाडीचा शेवटचा डबा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीशी पोचला आणि तो सूर आला.

फाटकवाल्या उमरावने हिरवी झेंडी खाली केली. सूर आधी सरळ निघाला, मग वाकला, खाली घसरला आणि रडता रडता कोणी श्वास घ्यावा तसा थांबला. गाडी सालेकशाच्या जंगलात शिरली. उमरावने फाटक उघडलं, खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि चौथ्या भोकाला ओठ लावले.

निघाला तो स्वच्छ, पातळ सूर. जत्रेतल्या पिपाणीसारखा.

"अकरा वर्सं झाली, उमरावभाऊ," फाटकातून बैलबंडी हाकत गावातला बिसराम म्हणाला. "इतक्यात माही म्हैस गायला लागली असती!"

उमरावने बाजा पुसून खिशात ठेवला.

अठ्ठेचाळीस साली, पुढची लाइन मोकळी होईपर्यंत, ही मालगाडी फाटकापाशी अर्धा अर्धा तास उभी राहायची. तिचे गार्ड मार्टिन साहेब डब्याच्या पायरीवर बसून हा बाजा वाजवत. लढाईच्या दिवसांत कलकत्त्याला एका काळ्या अमेरिकन शिपायाने त्यांना तो शिकवला होता. "इसको ब्लूज बोलते हैं, उमराव. खेत में खटनेवालों का गाना." आपल्याजवळचा एक जुना बाजा त्यांनी उमरावला दिला. गाल फुगवू नको, पोटातून घे. हवा आत ओढ आणि जीभ मागे सोड, म्हणजे सूर वाकतो. "सुर टूटना नहीं चाहिए. झुकना चाहिए."

उमरावची चार वर्षांची चंद्री त्याच्या मांडीवर पडून ऐके. झोप आली की बाजाची लाकडी कड चावत राही. तिचे दात त्यात उमटले होते.

पुढल्या चैत्रात चंद्री तापाने गेली. माती देऊन परतताना उमराव बोडीपाशी थांबला आणि त्याने बाजा पाण्यात भिरकावला. मागे त्याची बायको रुख्मा उभी होती. दोघंही रडली नाहीत.

महिन्याभरात बोडी आटली. दरवर्षीसारखा सारा गाव गाळात मासे धरायला उतरला. त्या दिवशी रुख्मा पहिल्यांदा घराबाहेर पडली. सांजेला परतली ती कमरेपर्यंत चिखलाने माखून, टोपलीत चारच मासे घेऊन.

मालगाडीची वेळ तेव्हा बदलली होती. ती आता भर दुपारी, न थांबता जाई. वेगात आणि धुळीत गार्डच्या डब्यातली झेंडी तेवढी दिसे, चेहरा नाही. आणि दिवाळीच्या सुमारास एक दिवस शेवटच्या डब्यातून तो सूर आला. उमरावच्या अंगावर काटा आला. आपल्या पोरीसाठी साहेब रडून राहिले, असं त्याला वाटलं.

त्याला उत्तर द्यायचं होतं. गोंदियाच्या बाजारातून त्याने दुसरा बाजा आणला. आपल्या हातून तो सूर एकदा वाकला की माती दिल्यापासून छातीत अडकलेलं मोकळं होईल, याची त्याला खात्री होती. रुख्माही मान वर करून बघेल कदाचित. ती तर दगड झाली होती. धानाची रोवणी, स्वयंपाक, दुपारी बोडीवर धुणं. पोरीचं नावसुद्धा तिने पुन्हा घेतलं नव्हतं.

त्याने काय केलं नाही? चढावर धापा टाकणाऱ्या इंजिनाकडून श्वास शिकला. पाणी पिताना गळा कसा उघडतो, ते तासन्‌तास ध्यानात घेतलं. सुराला थोडी जाडी आली, पण चौथं भोक वाकलं नाही. पोळ्याच्या आठवड्यात साहेब रजेवर जात असावेत, डबा मुकाच जाई. रुख्माही तेव्हा माहेरी बोदलकशाला गेलेली असे. ते आठ दिवस उमरावला खायला उठत.

एकदाच रुख्मा कांडता कांडता बोलली होती.

"कायले जोर करून रायले? ओढू नोका त्याले. आपल्यानं येऊ द्या."

"तुले काय समजते वं त्यातलं?" तो खेकसला होता.

ओठाच्या कोपऱ्यातल्या जुन्या भेगेवरून तिने जीभ फिरवली आणि मुसळ उचललं.

बिसरामची थट्टा त्या रात्रभर उमरावच्या डोक्यात राहिली. त्याचे समोरचे दोन दात पडले होते. आता तोंडात हवाही टिकत नव्हती. सकाळी त्याने बाजा फडक्यात बांधला. साहेबांच्या हाती तो द्यायचा, आणि हात जोडून सांगायचं, मले नाई जमलं.

त्या दुपारी सिग्नल पडला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मालगाडी फाटकापाशी थांबली. उमराव धापा टाकत शेवटच्या डब्यापर्यंत धावला. दारात एक तरणा गार्ड लोट्यातून पाणी पीत उभा होता.

"मार्टिन साहेब?"

"वो तो सन पचास में ही विलायत चले गए, बाबा. छह साल से ये गाड़ी मेरे पास है."

"मंग बाजा? रोज बाजा कोन वाजवते?"

"कैसा बाजा? अपने को तो सीटी भी ढंग से नहीं आती."

उमराव डब्यापासून मागे सरला. पोरीसाठी कोणीच रडत नव्हतं. दहा वर्षं तो रिकाम्या डब्याला उत्तर देत होता.

सिग्नल पडला. इंजिनाने शिटी दिली, डबे खडखडले. गार्ड दारातच उभा होता, एका हातात लोटा, दुसऱ्या हातात हिरवी झेंडी. डबा बोडीच्या पाळीशी पोचला.

आणि तो सूर आला.

उमराव हातापायांवर पाळ चढला. पलीकडे, धुण्याच्या दगडावर, पाण्याकडे तोंड करून रुख्मा बसली होती; आणि तिच्या ओठांशी, गाळाने काळा पडलेल्या बाजाच्या लाकडी कडेवर, चार वर्षांच्या पोरीचे दात उमटलेले होते.