पडदेवाल्यांची इंग्रजी पाटी

"इज द व्हेकन्सी स्टिल ओपन?"

तिने विचारलं एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती. पडद्यांच्या दुकानात शिरायचं आणि थेट मालकांना इंग्रजीत विचारायचं. आता त्या तिघी बाहेर काचेला नाक लावून उभ्या होत्या.

त्यांना ही गंमत वाटत होती. तिला मात्र ती जागा खरंच हवी होती, आईसाठी. आईने अकरा वर्षं कारखान्यात पडदे शिवले होते. तो बंद पडून आठ महिने झाले. या दुकानावर तीन आठवडे पाटी झळकत होती: व्हेकन्सी. एक्स्पिरियन्स्ड ऑपरेटर. इमिजिएट जॉइनिंग. आई रोज तिथून जायची, पण रस्त्याच्या पलीकडून. "इंग्रजीवाल्यांचं काम ते. आपली डाळ नाही शिजायची."

शाळेत नेमका नोकरीच्या संधींचा धडा चालू होता. त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता.

"येस," मालक म्हणाले. गळ्यात टेप, कपाळावर घाम.

"व्हॉट एक्स्पिरियन्स इज रिक्वायर्ड?"

"येस, येस."

"इज देअर अ प्रोबेशन पिरियड?"

मालकांनी दाराकडे पाहिलं. काचेबाहेरून मैत्रिणींना पुढचं एवढंच दिसलं: मालक काउंटरवरून वाकून हळूच काहीतरी बोलले, तिने तोंडावर हात ठेवला, आणि मग दोघंही पोट धरून हसत सुटले.

"काय म्हणाले गं? सांग ना!"

"आधी आईला!" ती ओरडली आणि दप्तर सावरत पळालीच.

घरात शिरल्या शिरल्या तिने धापा टाकत सांगितलं, "आई, उद्या दहाला एक पडदा शिवून दाखवायचा. आवडला तर लगेच काम!"

आईच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर राहिली. "डोकं फिरलंय का तुझं? त्यांनी चार शब्द इंग्रजीत विचारले तर? शोभा होईल माझी."

"तिचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "उगाच कशाला?"

"बाबा, तुम्ही थांबा जरा. मी ठरवलंय! उद्या शाळेला उशीर झाला तरी बेहत्तर, आईला मशीनवर बसवूनच मी पुढे जाणार. अहो, ती पाटी पेंटरने स्वतःच्या मनाने रंगवलीय. मालक मलाच विचारत होते, 'पोरी, बाहेर नक्की लिहिलंय तरी काय गं?'"