फाटकाबाहेरची सही

“पिवळ्या पट्ट्याच्या आत यायचं नाही हं, मिस डोरीन,” काईल बेनिंग म्हणाला. “इथून कंपनीची हद्द सुरू होते.”

“नाही येत. रस्ता अजून तरी सगळ्यांचा आहे ना?” डोरीन प्लुहारनं घडीचं टेबल वीतभर मागं ओढलं. कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर पाण्याची बाटली ठेवली.

काईल मांसाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होता. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या अमेरिकी गावात डोरीननं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. काईलही कधीकाळी तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. आज तो हाताची घडी घालून फाटकाशी उभा होता. सही कोण कोण करतं ते बघायला.

आजारपणात पगारी रजा मिळावी, एवढंच त्या कागदावर होतं. राज्याच्या विधानसभेत हा कायदा तीनदा गेला आणि तीनदा अडकला. कारखानदारांच्या पैशांवर निवडून आलेली माणसं तो कशाला होऊ देतील? म्हणून आता लोकांच्याच सह्या गोळा करून तो थेट नोव्हेंबरच्या मतदानात जनतेपुढं ठेवायचा होता. आज शेवटचा दिवस. पाच वाजता काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी बंद होणार होती आणि या काउंटीतून अजून तीसेक सह्या कमी पडत होत्या.

डोरीनला कायद्यातलं फार कळत नव्हतं. पण तापानं फणफणलेल्या पोरांना आया कशा बसमध्ये चढवून देतात आणि मागं न बघता कामावर पळतात, ते तिनं सव्वीस वर्षं आरशातून पाहिलं होतं.

तीनला पाळी सुटली. माणसं बाहेर आली. थकलेली, अंगाला गार रक्ताचा वास. टेबल दिसलं तशा माना खाली गेल्या.

डोरीननं रे नावाच्या कामगाराला हाक मारली. “रे, तू तर म्हणाला होतास सही करतो म्हणून!”

“करतो ना. घरी या तुम्ही, घरी करतो.” रे थांबलासुद्धा नाही.

“पाचला कचेरी बंद होते, घरी कधी येऊ?”

तिकडं काईलनं खिशातला फोन काढला आणि कॅमेरा चालू करून टेबलाकडं रोखून धरला.

“काईल, तो फोन खाली ठेव.”

“सांगितलंय तेवढंच करतोय, मिस डोरीन. मलाही दोन पोरं आहेत.” त्याचा आवाज चढला नव्हता. उलट जरा पडलाच होता.

आता तर माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायला लागली. वीस जण गेले, चाळीस गेले.

मग मांस कापायच्या कामावरची ओफेलिया बारिएंतोस सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं.

“हे काय गं?”

“काल सुरी सटकली.”

“आणि आज कामावर आलीस?”

“मग काय घरी बसू? डावा हात धड आहे ना, म्हणून खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला उभं केलं. कुठं करायची सही?”

“मतदार यादीत नाव आहे ना तुझं?”

“मार्चमध्ये इथली नागरिक झाले. शपथ घेतली त्याच दिवशी नाव घातलं.” ओफेलियानं डाव्या हातात पेन घेतलं.

डोरीननं त्या डाव्या हाताकडं पाहिलं. कचेरीत प्रत्येक सही यादीतल्या सहीशी ताडून बघतात. ही जुळणार नव्हती. पण रस्त्यावरचे लोक थबकले होते. इकडंच बघत होते. कुणीतरी पहिली सही करायला हवी होती, आणि ही करत होती. गप्प राहिलं तर काम होणार होतं.

ओफेलियानं पहिलं अक्षर काढलं. वाकडं, पहिलीतल्या पोरानं काढावं तसं. दुसरं काढताना तिनं ओठ दाताखाली धरला.

डोरीननं कागदावर हात ठेवला. “थांब गं बाई. मला खोटं वागता येत नाही. ही सही बाद होईल बघ. डाव्या हाताची आहे, जुळायची नाही. आणि तो तिथून सगळं टिपतोय. फुकट नोकरी जाईल तुझी.”

ओफेलियानं मान वळवून काईलच्या फोनकडं पाहिलं.

“कचेरीत बाद होईल,” ती म्हणाली. “त्याच्या फोनात होईल का?”

“नाही,” डोरीन म्हणाली.

“मग हात काढा.”

तिनं पुरं नाव लिहिलं. आईकडचं आडनावसुद्धा. त्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर तिनं पेन टेबलावर ठेवलं नाही. मागं न बघताच ते मागं धरलं.

क्षणभर ते पेन तसंच हवेत राहिलं. मग एका उंच, काळ्या वर्णाच्या, केस पिकलेल्या माणसानं हात पँटला पुसले आणि ते घेतलं. त्याच्या मागं दोघी बहिणी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या कडेचे चारपाच जण रस्ता ओलांडून अलीकडं आले. पुढचा सही करेपर्यंत मागचा आपलं नाव फोनकडं बघून मोठ्यानं सांगायला लागला, अक्षर न् अक्षर सुटं करून.

अर्ध्या तासानं डोरीननं तिसरा कोरा कागद काढला. मान वर केली तेव्हा रांग पिवळ्या पट्ट्याच्या कडेकडेनं पार वळणापर्यंत गेली होती, आणि काईलनं फोन दुसऱ्या हातात घेतला होता. पहिला हात दुखायला लागला असावा.