लाडवाचा आळ

"इंजेक्शन दिलं तेव्हा सुभेदाराचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. पण डोळ्यांतून टिपूस काढला नाही मी!" जनावरांच्या दवाखान्यातून परतलेले दिगंबरराव बायकोला सांगत होते. त्यांचा म्हातारा, आजारानं खंगलेला कुत्रा आज कायमचा निजला होता. नंतर डॉक्टरांनी आपल्यालाच खुर्चीत बसवून पाणी पाजलं, एवढं मात्र त्यांनी सांगायचं टाळलं.

बायको अंघोळीला गेली आणि हा शूर गडी सवयीनं स्वयंपाकघरात शिरला. शोक असो, मधुमेह असो, जिभेला कशाचंच सोयरसुतक नव्हतं! बेसनाचा लाडू उभ्याउभ्याच संपला.

"डब्यातला लाडू कुणी खाल्ला?" बायकोनं येऊन विचारलं.

"सुभेदारानं," ते बोलून गेले. इतकी वर्षं हेच तर उत्तर होतं. लाडू यांनी खायचे, बोलणी त्या बिचाऱ्यानं.

दिगंबररावांनी जीभ चावली. आता चांगलीच शोभा होणार!

बायको मात्र नेहमीसारखीच कोपऱ्यातल्या सुभेदाराच्या गोणपाटापुढे जाऊन उभी राहिली. गोणपाट रिकामं होतं.

"किती वेळा सांगितलं, गोड खाऊ नकोस म्हणून?" ती त्यावर ओरडली. "तुला काही झालं, तर मला कोण आहे?"