सूज

"छातीतले इम्प्लांट काढावे लागतील," पेरेरा शहरातले डॉक्टर यूलिएतला म्हणाले. "डावीकडच्या सुजेतलं पाणी तपासायला पाठवतोय. क्वचित त्यात कॅन्सर निघतो."

यूलिएत घरी आली. आईला सांगायचं कसं? तिच्या अठराव्या वाढदिवसाला आईनंच हौसेनं छातीचं हे ऑपरेशन करवलं होतं, आणि लेकीला सोबत म्हणून त्याच दिवशी स्वतःचंही करून घेतलं होतं.

आई, मार्लेनी, तव्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या, आरेपा, भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"दुखत होतं का गं तुला?"

"नाही आई, नुसतीच सूज. म्हणून तर इतके महिने अंगावर काढली."

मार्लेनीनं गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"माझीसुद्धा दुखत नाही."