मारामाची नळी

डनीडनच्या आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्ताचा नमुना काम संपल्यावर जाळायला पाठवण्याआधी इथल्या मूळ माओरी लोकांची प्रार्थना म्हणतात. मारामाच्या नळीसाठी ती म्हणायला तिची आईच आली, हुहानामावशी.

मारामा माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं, तेव्हा तिनं स्वतःचंच काढून दिलं. मी तिथला इंजिनिअर. "तुझे फ्रीझर सांभाळ रे," ती चिडवायची, "माझ्यापेक्षा जास्त जगतील ते."

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, ती तापानं गेली.

तेव्हापासून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये तिच्या एकट्या नळीवर बर्फ साचत नव्हता. मी कॉम्प्रेसर बदलला, नळीची जागा बदलली. शेवटी नळीलाच थर्मामीटर लावला. अधिक एकोणचाळीस अंश. कुणाला बोललो नाही.

आज मी ती मावशींच्या उघड्या हातात दिली. हातमोजे घाला म्हणायची गरज नव्हती.

प्रार्थना म्हणता म्हणता त्या थांबल्या. त्यांनी पालथा हात नळीला लावला, लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा.

"वेडा आहेस का तू," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या तापात कुठे नेतोस हिला?"